साडूचा जनरेटर

माझ्या साडूला नावं ठेवणारा माणूस आख्ख्या भिवंडी तालुक्यात सापडायचा नाही. मी एक सोडून. आणि मलाही ती मनातल्या मनातच ठेवावी लागतात, कारण मोठ्याने ठेवायला तो कधी जागाच देत नाही. म्हणून माझ्या पोटात जास्त दुखतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमचं दोघांचं सासर एकच, अंजूरला, खाडीच्या बाजूला. दोघांचं कामही जवळजवळ एकच. मी भिवंडीत कंट्रोल पॅनल बनवतो. लोखंडी कपाट, त्यात रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे करंटने उघडझाप होणारे लहानमोठे स्विच, शिवाय बटणं आणि तारा. सुताला खळ देणारे सायझिंगवाले, डाइंगवाले, लूमवाले हे माझं गिऱ्हाईक. तो वळ गावच्या मोठमोठ्या गोदामांमधले जनरेटर सांभाळतो, पगारी नोकरीत, कंपनीचा शर्ट घालून. त्याच्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, दोन्ही जावई लाइटवाले, आता या घरात अंधार म्हणून होणार नाही. तेव्हा मीही हसलो होतो. थोरला जावई होतो, तोवर एकटाच जावई होतो, हसायला माझं काय जात होतं?

मग हळूहळू त्या घरातलं वारं फिरलं. मी गेलो की सासूबाई आतून प्लास्टिकची खुर्ची आणायच्या, पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "बसा जावयबापू." तो आला की सरळ सासऱ्यांच्या खाटेवर जाऊन बसायचा, त्यांच्या पायाशी, पाय वर घेऊन. मला चहा कपबशीतून यायचा. त्याला आतून आवाज यायचा, "चुलीवर हाय, घे ओतून." बाहेरच्या माणसाला वाटेल, मान माझाच मोठा. पण खुर्चीवर बसून खाटेकडे बघणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. जिताडा केला की मधली तुकडी माझ्या ताटात पडायची, हे खरं आहे. पण तो जिताडा आणायला सासऱ्यांबरोबर खाडीवर साडू गेलेला असायचा. सासऱ्यांच्या पायात बळ होतं तोवर तो त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन जायचा, गुडघे शेकायला. मी एकदा म्हटलं होतं, व्हॅनमधून मी नेतो. सासरे म्हणाले, "तुम्ही कशाला तरास घेता?" त्रास घ्यायलाच तर मी आलो होतो.

सासऱ्यांनी आयुष्यभर भात लावला आणि उरलेल्या वेळात खाडीत जाळं टाकलं. आता भाताच्या जागी गोदामाचा पत्रा दिसतो आणि सासऱ्यांच्या छातीत दम उरलेला नाही. फुप्फुसं थकली, डॉक्टर म्हणाले, आता मशीन लावा. खाटेशेजारी एक मशीन आलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं. ते दिवसभर घुरघुरतं आणि त्याची नळी सासऱ्यांच्या नाकाला असते. मशीन लाइटवर चालतं. लाइट गेली की सासरे आधी हात वर करून "काय न्हाय, काय न्हाय" म्हणतात, मग त्यांचे ओठ रंग बदलायला लागतात. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवलेला असतो, पण त्याची कळ सासूबाईंच्या हाताने फिरत नाही. आणि अंजूरची लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. तेव्हा घराला जनरेटर बसवायचं ठरलं.

मी तेव्हाच खुर्चीवरून पुढे सरकून म्हणालो, "बाबा, पॅनल मी करतो. माझ्या हाताने."

सासरे म्हणाले, "बगू."

पुढच्या खेपेला गेलो तर मागच्या अंगणात सिमेंटचा ओटा तयार, त्यावर जनरेटर, आणि अर्ध्या पँटीत माझा साडू उकिडवा बसून पॅनलमध्ये तारा ओढतोय. सासऱ्यांनी खाट खिडकीपाशी ओढून घेतली होती आणि ते गजांतून त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जनरेटरचं मला काही नव्हतं. अडल्यावेळी या माणसाच्या तोंडात पहिलं नाव माझं यावं, एवढंच मला हवं होतं. आणि त्यांनी स्वतःच्या श्वासाचं काम दुसऱ्याच्या हातात देऊन टाकलं होतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात आणि पुढे आयुष्यभर गिऱ्हाईक ती विसरायला लावतं. ती अशी, की यंत्र बिघडणारच. तार तुटणार, उंदीर कुरतडणार, स्क्रू ढिला होणार, रिलेची कॉइल जळणार. बिघडू नये म्हणून धडपडायचंच, पण खरी हुशारी यात, की बिघडल्यावर ते कुठल्या बाजूला पडेल हे आधीच ठरवून ठेवायचं. इमर्जन्सीचं लाल बटण घ्या. नवशिका माणूस त्याची तार अशी जोडतो, की बटण दाबलं की तारेतून करंट वाहावा आणि मशीन बंद व्हावं. दिसायला बरोबर. पण ती तार मधेच तुटली असेल तर? बसा बटण दाबत, मशीन चालूच. म्हणून आम्ही उलटं करतो. बटणातून करंट कायम वाहता ठेवायचा. तो वाहतोय तोवरच मशीन चालेल. बटण दाबलं तरी तो थांबतो, तार तुटली तरी थांबतो, आणि दोन्ही वेळा मशीन बंद पडतं. सगळं गप्प झालं म्हणजे धोका, असं पॅनलला शिकवायचं.

भिवंडीला हे पटत नाही. शिफ्ट अडली की लूमवाला हात जोडून येतो, "भाई, वो सेफ्टी-वेफ्टी बाद में, अभी डायरेक्ट कर दो ना." डायरेक्ट म्हणजे सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाकायच्या, म्हणजे पॅनलला कायम सगळं ठीकच दिसतं. या शहरातल्या कितीतरी पॅनलमध्ये असं डायरेक्ट केलेलं सापडेल. मी करत नाही. यावरून मी गिऱ्हाइकांशी भांडलोय, काही गिऱ्हाइकं तुटलीही. म्हणून मला खात्री होती, की साडूच्या पॅनलमध्येही काहीतरी डायरेक्ट केलेलं असणारच. गोदामातला माणूस तो, सवय कुठे जाईल?

मी अंजूरच्या खेपा वाढवल्या. बायको खूश झाली, नवरा बापाची काळजी करतोय म्हणून. सासऱ्यांजवळ खुर्चीवर थोडं बसायचं, तब्येत विचारायची, आणि "जरा मागे जाऊन येतो" म्हणत खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपत जनरेटरपाशी जायचं, असं सुरू झालं.

पहिल्यांदा पॅनलचं दार उघडलं तेव्हाच मला वाईट वाटलं. इतकी सुबक वायरिंग. तारा शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेण्यांसारख्या चापूनचोपून बसवलेल्या, प्रत्येक तारेच्या टोकाला नंबर. माझ्या स्वतःच्या पॅनलमध्ये घाईच्या दिवसांत मीही इतकं करत नाही. म्हटलं, वरवरचा देखावा असेल, आत बघू. जनरेटर चालू केला आणि लाल बटणाची तार काढली. क्षणात बंद. बरोबर. मग लाइट गेल्याचं याला कसं कळतं ते पाहिलं. त्यासाठी एक रिले होता, बाहेरची लाइट आहे तोवर ओढून धरलेला. लाइट गेली की तो सुटणार, आणि त्याच्या सुटण्यानेच जनरेटरला उठायचा हुकूम जाणार. मी त्याची तार काढली, तर लाइट असतानाही जनरेटर धडधडत उठला. म्हणजे तार तुटली तरी सासऱ्यांचा श्वास चालू. अगदी बरोबर. मला इतका राग आला, की तार परत लावताना स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला.

पुढच्या खेपेला दोन कॉन्टॅक्टर तपासले. एक बाहेरची लाइट घरात घेतो, दुसरा जनरेटरची. दोन्ही चुकून एकदम बसले तर जनरेटरचा करंट उलटा खांबावरच्या तारेत जातो, आणि लाइट गेलीय म्हणून निर्धास्त वर चढलेला वायरमन तिथेच चिकटतो. ते टाळायला एकाच्या तारेतून दुसऱ्याला अडवतात. साडूने तसं अडवलं होतं. पण कॉन्टॅक्टर जळून आतल्या आत चिकटला तर तारेचं कोण ऐकतो? तर दोघांच्या मधे त्याने लोखंडी आडकाठीही बसवली होती. सगळं बंद करून मी लाकडी दांडकं घेतलं आणि दोन्ही एकदम दाबून बघितले. एक बसला की दुसरा जागचा हलत नव्हता. मी जोर लावला. दांडकं मोडलं.

वर पाहिलं तर खिडकीतून सासरे बघत होते. नाकाला नळी, हनुवटी गजांना टेकलेली.

"गावलं काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा. सहज धूळ झटकत होतो."

"झटका, झटका," ते म्हणाले.

दुसऱ्याचं वाईट काम बघून कुणाला जळायला होत नाही. चांगलं काम, तेही आपल्याच धंद्यातलं, ज्यातली तारन् तार आपल्याला कळते, ते बघून जीव जळतो. घरातल्या बाकीच्यांना साडू आवडायचा तो गोड बोलतो म्हणून. तो किती चांगला आहे, हे त्या घरात एकट्या मला कळत होतं.

आणि मग गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी मला घबाड सापडलं. सगळं सासर जमलेलं. दुपारच्या जेवणाआधी मी मागे एक चक्कर टाकली. इंजिनातलं ऑइल गळून गेलं तर इंजिन आतून जळतं, म्हणून ऑइलचा दाब गेल्याबरोबर ते बंद करणारा एक स्विच असतो. कुठल्याही जनरेटरला तो असतोच. साडूच्या पॅनलमध्ये या स्विचची तार इंजिन थांबवायला गेलेलीच नव्हती, ती नुसती घंटीकडे गेली होती. थांबवायच्या जागी एक पिवळी तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. इतक्या खेपांत ती माझ्या नजरेतून सुटली होती, कारण तीही बाकीच्यांसारखीच नीटनेटकी बसवलेली होती. पण डायरेक्ट ते डायरेक्टच!

मी हात धुऊन पंगतीत बसलो. पानावर वरण येईपर्यंत कसाबसा धीर धरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ऑइलचा स्विच डायरेक्ट केलायस तू."

साडूने हातातला घास खाली ठेवला. "हो दादा."

"हो? अरे, इंजिन जाम होईल. ऑइल गळलं आणि कुणाचं लक्ष नसलं तर अख्खं इंजिन भंगारात जाईल. आमच्याकडे लूमवाले असले धंदे करतात. तू तर शिकलेला माणूस."

पंगतीतल्या सगळ्या माना साडूकडे वळल्या. मला वाटलं, जिंकलो.

साडू सावकाश म्हणाला, "गोदामात मी असं कवाच करनार न्हाय दादा. तिथं ऑइल गेलं तर इंजिन थांबलंच पायजे. पन इथं..." त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून मशीनची घुरघुर येत होती. "इथं ऑइल गेलं तर घंटी वाजू दे, आनि इंजिन चालू दे. जळंपर्यंत चालू दे. तवढ्यात कोनीतरी सिलिंडर लावंल. इंजिन काय, दुसरं आनता येतं."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेहुणीने नवऱ्याच्या पानात न मागता तुपाची धार सोडली. माझ्या बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती माझ्याकडे बघेचना. मी वरणभातात बोटं फिरवत बसलो.

त्याचं बरोबर होतं. इंजिनाचा वेग बेसुमार वाढला तर बंद, लाल बटण दाबलं तर बंद, हे बचाव त्याने शाबूत ठेवलेच होते. नेमका हा एक काढला होता, विचार करून काढला होता. बिघडलं की बंद पडावं, म्हणजे सगळे सुरक्षित, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. सुरक्षित कोण, इंजिन की खाटेवरचा माणूस, हे त्याने स्वतःला विचारलं होतं. हा विचार मला सुचायला हवा होता. त्याला सुचला, म्हणून तो मला अजिबात आवडला नाही.

"भावोजी, मोदक घ्या, तोंड गोड करा," मेहुणी म्हणाली, आणि सगळे हसले. साडू हसला नाही. त्याचाही मला रागच आला.

ऊन कलल्यावर मिरवणुकीचा बेंजो वाजायला लागला. गौरी-गणपती टेम्पोत बसले आणि आख्खी आळी खाडीकडे निघाली. माझा साडू सगळ्यात पुढे, डोक्याला रुमाल बांधून नाचत. नाचतोही चांगला, मेला. मी काही नाचत नाही, आमच्या घरात कुणी नाचत नाही. बायकोला म्हटलं, एका सायझिंगमध्ये पॅनल ट्रिप मारतंय, बघून येतो.

"आज? सणाच्या दिवशी?"

"लोकांची कामं असतात," मी म्हणालो आणि व्हॅन काढली. घरात सासरे आणि सासूबाई दोघंच राहिले.

वळच्या गोदामांपाशी कंटेनरच्या रांगेत अडकलो. व्हॅन बंद करून बसलो आणि पंगतीत न सुचलेली उत्तरं साडूला मनातल्या मनात देत राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. नाव नसलेला नंबर. हा नंबर मधूनमधून यायचा आणि जाहिरातवाल्यांचा समजून मी कापायचो. पण त्या दिवशी वाटलं, अंजूरहून कुणीतरी दुसऱ्याच्या फोनवरून माझी समजूत काढतंय. म्हणून उचलला.

"दादा," साडूचा आवाज. "अंजूरला लाइट गेलीय आनि जनरेटर उठला न्हाय. बाबांकडं लगेच जावा."

"मला कशाला सांगतोस? तू आहेस ना तिथे! तुझाच जनरेटर आहे."

"दादा, अंजूरला लाइट गेलीय आनि जनरेटर उठला न्हाय. बाबांकडं लगेच जावा."

"अरे, ऐकू येतंय का तुला? मी वळला अडकलोय. नाच थांबव आणि तू जा."

"दादा, अंजूरला लाइट गेलीय..."

तिसऱ्यांदा मला कळलं. त्या आवाजामागे बेंजो नव्हता. मागे सिमेंट कालवताना फावडं घासावं तसं काहीतरी खरडत होतं आणि कोंबडा आरवत होता. फोन साडूने केलेलाच नव्हता, पॅनलने केला होता. ओटा बांधला त्या दिवसांतच कधीतरी साडूने हा निरोप आपल्या आवाजात भरून ठेवला होता. आणि तो "दादा" म्हणजे मी होतो.

व्हॅन कशी वळवली ते मला आठवत नाही. हॉर्नवर हात दाबून, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात उलट्या बाजूने अंजूर गाठलं. घरात सासूबाई एका हाताने फोन कानाला लावून लेकींना हाका मारत होत्या, त्या बेंजोत कुणाला ऐकू जाणार, आणि दुसऱ्या हाताने सिलिंडरच्या कळीशी झटत होत्या. मशीन बंद पडून नुसतं केकाटत होतं. सासरे खाटेच्या कडेला हात रोवून पुढे वाकले होते आणि त्यांचे खांदे श्वासासाठी वरखाली होत होते. ओठ जांभळे पडलेले. मी कळ फिरवली, नळी सिलिंडरला लावली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी बोटाने मागच्या दाराकडे खूण केली. जनरेटर बघा.

पॅनलवर एकही दिवा नव्हता. बॅटरी मेलेली. जनरेटर उठवायला जी बॅटरी लागते ती भरत ठेवणारा चार्जर घरातल्या एका प्लगवर होता. मी वायरमागे वायर बघत घरात आलो. चार्जरचा प्लग खाली लोंबत होता आणि त्याच्या जागी गौरीच्या मखराचं दिव्यांचं तोरण लावलेलं. सजावट सुरू झाली तेव्हापासून. दर आठवड्याला जनरेटर आपोआप उठून स्वतःला तपासायचा, त्यात बॅटरीत उरलंसुरलं तेही संपलं. चार्जर बंद पडला तर ओरडायला साडूने प्लगपाशीच छोटा बझर ठेवला होता. त्याला जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळून गाठ मारलेली.

"आरतीच्या टायमाला कुईकुई करत व्हता," सासूबाई मागून रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मना वाटलं, उगाच वरडतंय."

माझ्या व्हॅनमध्ये जंपर केबल असतात. व्हॅन मागच्या अंगणात घेतली, बॅटरीला बॅटरी जोडली, जनरेटर खोकला, पुन्हा खोकला आणि उठला. घरात मशीनची घुरघुर सुरू झाली. मी चिंधी सोडवली, तोरणाचा प्लग ओढून चार्जरचा लावला.

मग पॅनलच्या कोपऱ्यातली ती फोन लावणारी डबी बघितली. मी ती आधीही पाहिली होती, पण गोदामातली काहीतरी फॅशन समजून सोडून दिली होती. तिची स्वतःची छोटी बॅटरी होती. पॅनल ठीक आहे तोवर तिला एका तारेतून करंट येत राहतो. तो थांबला, कशानेही थांबला, की ती फोन लावते. सगळं गप्प झालं म्हणजे धोका. आणि तसं झालं की पहिला फोन मला. मी मनात म्हटलं, बघा, हेही त्यानेच ठरवून ठेवलेलं. जीव मुठीत धरून मी धावलो, तो त्याच्या सर्किटमधला शेवटचा रिले म्हणून धावलो. माझ्या धावण्याचं श्रेयसुद्धा त्याच्याच नावावर. इतक्या मोठ्या मनाचा माणूस साडू म्हणून मिळणं ही काय लहान शिक्षा आहे?

आत आलो. सासूबाई सवयीने खुर्ची आणायला वळल्या.

"खुर्ची नको," सासरे म्हणाले आणि खाटेवर, आपल्या पायाशी, त्यांनी हात आपटला. मी बसलो. पाय वर घ्यायला आधी लाजलो, मग घेतले.

"धाकट्याने फोनला माझा नंबर टाकलाय," मी म्हणालो. मला ते मोकळ्या मनाने म्हणायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

"त्यानी न्हाय." सासरे थांबत थांबत बोलत होते. "त्यानी त्याचा टाकला व्हता. मी बोललो, काढ. थोरल्याचा टाक."

"का बाबा?"

"तो गुनाचा हाय. पन त्याला समदी बोलवतात. कोनाची मोटर बिघडली, हा गेला. मिरवनूक निंगाली, हा फुडं. त्याला फोन ऐकू येल कवा?" त्यांनी दम घेतला. "तुम्ही काय नाचत न्हाय. आनि तुम्ही खोट काढाला येता. मना दिसतं हितून. खोट काढाला का हुईना, येता. तार काढून बगता. ह्या घरात त्या डब्याचं दार दुसरं कोन उघडतं?"

मी त्यांच्या पायावरची चादर उगाच नीट केली. ते डोळे मिटून पडून राहिले आणि थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला.

बेंजो थांबला. मंडळी खाडीवरून ओल्या पायांनी परतली. साडू सगळ्यांच्या आधी पळत आला, बायकोच्या फोनवर सासूबाईंचे कॉल दिसले असणार. दारात त्याला आधी रिकामं मखर दिसलं, मग विझलेलं तोरण, मग खाटेवर मी. तो मागे जाऊन पॅनल बघून आला, हातात ती चिंधी घेऊन. सासरे झोपलेत हे बघून माझ्याजवळ उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बरं झालं दादा, फोन उचललात. मी टेस्टसाठी मधी मधी लावायचो, तुम्ही कट करायचात."

"मला काय माहीत कुणाचा! पहिला नंबर माझा आहे, हे सांगितलं का नाहीस?"

तो रुमालाने मान पुसत राहिला.

"सांगायचं व्हतं," शेवटी म्हणाला. "दर बारीला ठरवायचो, आज सांगू. पन बाबांनी माझा नंबर काढाला लावला ना... ओटा मी बांधला, तारा मी वढल्या, आनि शेवटाला नाव तुमचं. तोंडातून निघतच नव्हतं दादा. लय जळलो."

इतक्या खेपा घालून, तारा काढून, दांडकं मोडून मी जी खोट शोधत होतो ती पॅनलमध्ये नव्हतीच. सगळे बचाव फसल्यावर पहिला फोन ज्याला जायचा, त्या माणसालाच सांगितलेलं नव्हतं. केवढी मोठी खोट! भर पंगतीत सांगावी अशी. आणि पंगत तर आता बसायचीच होती, सगळे घरात जमले होते. मी ती कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

त्याची दया वगैरे आली म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. ज्याच्यामुळे इतकी वर्षं माझ्या पोटात दुखलं, त्याच्या पोटात माझ्यामुळे दुखत होतं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. जावई उभा आहे हे बघून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली, पदराने पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो बसला. मी खाटेवर पाय आणखी जरा पसरले.